पाचवा पेला

दर महिन्याच्या एकवीस तारखेला क्योतोत तोजी देवळाच्या आवारात बाजार भरतो. मी नि आमचे हे, शिगेझो, तिथे जुनी चिनीमातीची भांडी मांडून बसतो. कुणी भाव पाडून मागितला की हे मान तिरकी करतात नि म्हणतात, "जरा अवघड आहे." आमच्याकडचं गिऱ्हाईक तेवढ्यावर समजतं आणि वाकून निघून जातं.

नोव्हेंबरात ओसाकाच्या हामासाकीबाई आल्या. केस जांभळट रंगवलेले, आवाज खणखणीत. निळ्या वेलबुट्टीचे चार पेले त्यांनी उलटेपालटे करून पाहिले.

"दादा, केवढ्याला?"

"चारांचे सहा हजार येन."

"चार? आपल्याकडे चारही 'शी' नि मरणही 'शी', नुसता आकडा म्हटला तरी मरण तोंडात येतं! भेट म्हणून कोण घेणार हे? चार हजाराला द्या."

"चार हजारांतही चारच आहेत," हे म्हणाले.

"मग तीन द्या!"

"जरा अवघड आहे."

"अवघडच ना? मग बसते." आणि बाई खरोखरच माझ्या स्टुलावर बसल्या.

हसू दाबत मी थर्मासमधला चहा ह्यांच्या रोजच्या पेल्यात ओतून दिला. बाई ताडकन उठल्या.

"अहो, हा तर पाचवा!"

हे लाजले. "संच पाचांचाच होता. हा मला आवडला, म्हणून ठेवून घेतला. विकायचा नाही."

"म्हणजे संच मोडलात तुम्ही, आणि अपशकुन आमच्या गळ्यात!"

आता मात्र मला हसू आवरेना. बारा वर्षं मी ह्यांना हेच सांगत होते.

"कुणासाठी हवेत?" मी विचारलं.

"आम्ही पाच मैत्रिणी," बाई म्हणाल्या. "सत्तरी ओलांडल्यावर पोहायला शिकलो. गेल्या मंगळवारी पाचही जणी पाय न टेकवता तलावाच्या ह्या टोकाहून त्या टोकाला गेलो. कुवाता शेवटी पोचली. तिला बघून आमचे मास्तर कपड्यांसकट पाण्यात उतरले, इतका आनंद झाला त्यांना! म्हटलं, आठवण म्हणून सगळ्यांना सारखा पेला द्यावा."

ह्यांनी कढत चहा एका दमात संपवला, जीभ भाजली तरी चेहरा हलू दिला नाही, आणि पेला माझ्या हातात दिला. "धुऊन आण."

मग बाईंना म्हणाले, "पाचांचे पाच हजार."

"छे छे! चारांचे सहा, तर पाचांचे साडेसात होतात."

"पाच."

"सात! दादा, तुम्हाला भाव करताच येत नाही!"

"येतो की. साडेपाच."

"हे वर चढणं झालं का? साडेसहा!"

शेजारचा छत्रीवाला गिऱ्हाईक सोडून बघायला आला. शेवटी सहावर मिटलं. बाईंनी कोऱ्या नोटा काढल्या, सरळ करून आमच्या छोट्या तबकात ठेवल्या. ह्यांनी तबक दोन्ही हातांनी उचललं आणि वाकले. बाई वाकल्या. हे पुन्हा वाकले, बाई आणखी खाली. मी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पेले मध्ये सरकवले नसते, तर दोघं संध्याकाळपर्यंत वाकतच राहिली असती.

बाई गेल्या. जरा वेळाने चार दुकानं पलीकडून तोच खणखणीत आवाज आला, "ताई, हा पंखा केवढ्याला?"

हे टाचा उंचावून बघू लागले. मग चपला सरकवून चक्क तिकडेच निघाले.

"अहो, दुकान?" मी ओरडले.

"तू बघ," मागे न वळता हे म्हणाले. "पंखेवाली फार कडक आहे. मजा येणार आहे."