फाटे जास्त, शेंडे कमी

देवळाली प्रवरेजवळच्या त्या प्रयोगशाळेत पंकजाचा सगळा जीव एका चिकट्यात अडकला होता. तोडलेला ऊस पडून राहिला की रसात बुळबुळीत चिकटा धरतो. त्यात साखरेचे कण एकमेकांना कसे जोडलेले असतात, हे तिला शोधायचं होतं. सरळ साखळी, असं तिचं म्हणणं. परवा-परवा आलेली इन्शा म्हणे, साखळीला फाटे आहेत! रंगनाथ सर सोमवारी दोघींपैकी एकीचंच चित्र शोधनिबंधात घालणार होते.

रीत साधी. कणांच्या मोकळ्या हातांना, म्हणजे जोडणीच्या जागांना, मिथाइल या रसायनाच्या टोप्या घालायच्या, मग साखळी तोडायची. ज्या हाताला टोपी नाही, तो कुणाच्या तरी हातात होता. पंकजाला हे फार गोड वाटायचं. हल्ली वाटेना, कारण सर येता-जाता विचारत, "इन्शा काय म्हणते?"

इन्शाचा आलेख तिनं डोळे बारीक करून पाहिला. फाटे होते, पण शेंडे, म्हणजे फाट्यांची मोकळी टोकं, निम्मेच. फाटा तिथं शेंडा हवाच की! म्हणजे टोप्या नीट बसल्याच नाहीत, अन् उघडे राहिलेले हात हिला फाटे वाटले. पंकजाला एवढा आनंद झाला, की तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी इन्शाला आपणहून वाढली.

"ताई, आज लई खूश?"

"व्हय गं. खा तू."

खोटं पाडायचं तर पुराव्यानिशी. पंकजानं सगळं स्वतः पुन्हा केलं. टोप्या दोनदा घातल्या, नमुना सावकाश वाळवला. फाटे तसेच राहिले आणि शेंडे मात्र पुरेपूर आले.

म्हणजे इन्शाचंच खरं होतं. शेंड्यांवर टोप्या जास्त, म्हणून ते अत्तरासारखे हवेत उडून जातात. इन्शाचा मागचा नमुना कुणीतरी जोरात हवा सोडून वाळवला होता. कुणी? इन्शाची बस चुकू नये म्हणून, उपकार केल्यासारखं, पंकजानंच.

नवा आलेख फाडावासा वाटला. तो तिच्याशिवाय कुणी पाहिलाही नव्हता. पण फाडून चिकटा थोडाच सरळ होणार? तिनं तो सरांपुढे ठेवला आणि मागचा नमुना आपणच घाईनं वाळवल्याचंही सांगून टाकलं.

"वा, मोठं मन लागतं याला," सर म्हणाले.

बाहेर इन्शानं तिचा हात धरला. "ताई, माझ्यासाठी एवढं केलंत?"

"तुला खोटं पाडायला केलं, बाई."

इन्शा खो खो हसली. "काय पण तुमची थट्टा!"

"थट्टा न्हाई," पंकजा म्हणाली. पण हात तिनं सोडवून घेतला नाही.