चाळीस पडद्यांचं ओझं

मित्रांनो, शाळेच्या संगणकाच्या खोलीत कोपऱ्यात घरघरणारी ही काळी पेटी म्हणजे मी. मी एक जुना सर्व्हर आहे. टेबलांवर दिसतात ते नुसते पडदे. त्यांच्यामागचे सगळे संगणक माझ्याच पोटात चालतात.

माझी एक युक्ती होती. सगळ्या मुलांनी एकच धडा उघडला, की तो मी स्मृतीत एकदाच ठेवायचो आणि सगळ्यांना तोच दाखवायचो. कुणी त्यात बदल केला, तरच त्याच्यासाठी वेगळी प्रत करायचो. मला बसवणारा तंत्रज्ञ बजावून गेला होता, "वीसच पडदे जोडा, सर. पोरं वेगवेगळं काही करायला लागली, की याला जागा पुरायची नाही." मोठ्या सरांनी चाळीस जोडले. "चालतंय की मस्त!" असं म्हणत ते पाहुण्यांसमोर माझं कौतुक करायचे, आणि मी मूर्खासारखा फुशारून जायचो.

एके दिवशी बाई म्हणाल्या, "आज मनाला येईल ते चित्र काढा. सेव्ह शेवटी सगळे मिळून करू."

पोरं तुटून पडली. कुणाचं जहाज, कुणाचा हत्ती. सगळे जिला कुरळी म्हणतात ती मुलगी बाबांचं गॅरेज काढत होती. उघडलेलं इंजिन, भिंतीवरचे पान्हे, फरशीवरचे तेलाचे डाग. "बाबा न्यायला येणारेत ना, त्यांना दाखवणारे," ती शेजारणीला म्हणाली.

आणि माझी जागा संपली. अशा वेळचा नियम माझ्यात आधीच घालून ठेवला होता: ज्यानं सगळ्यांत जास्त जागा घेतली असेल त्याला बंद कर, म्हणजे बाकीचे वाचतील. सगळ्यांत जास्त जागा कुरळीच्या चित्रानं घेतली होती. मी तिचा संगणक बंद केला.

"बाई, माझं सगळं गेलं!"

"तूच नको ते काहीतरी दाबलं असशील. नुसती घाई!"

माझा जीव तुटत होता, पण नुसती घरघर करण्यापलीकडे मला काही येत नाही.

बाबा आले. हात पँटला पुसत पडद्याशी वाकले. "दाखव बघू."

"मी काही काढलंच नाही, बाबा."

पुढच्या तासाला तिनं शेजारणीच्या पडद्याकडे बघत बघत तिनं काढलेलं साधं घरच उतरवलं. मला जागा पुरली. "बघा, आज एकही बंद पडला नाही," मोठे सर खुशीत म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसली तरी चालेल. पण त्या पोरीला कुणीतरी सांगा, की तिचं काही चुकलं नव्हतं.