घोड्यावरचा देव

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. माझी गोष्ट सांगताना मला अभिमान वाटत नाही, लाज वाटते. पण मनात ठेवून गंजण्यापेक्षा सांगून टाकलेली बरी.

देश स्वतंत्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. ठाण्यात कोपरीला दौलतशेटचं पानबिडीचं दुकान होतं. आत पान, आणि पानाच्या आडून मुंबईच्या रेसवर पैसे लावून घेण्याचा धंदा. त्याने रॉकेलचे दोन डबे ठोकून सपाट केले, लाकडी चौकटीत बसवले, आणि माझा जन्म झाला.

मला रंगवलं विश्राम पेंटरने. बिचाऱ्याने रेसचा घोडा कधी पाहिलाच नव्हता. मग त्याने घरच्या कॅलेंडरवरचा खंडोबाचा पांढराशुभ्र घोडा जसाच्या तसा उतरवला, फक्त पाठीवरचा देव गाळला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'एक रुपया लावा, नशीब पालटा!' खाली काळी पट्टी सोडली. रेस झाली की दौलतशेट तिच्यावर खडूने जिंकलेल्या माणसांची नावं लिही. हरलेल्यांसाठी माझ्यावर बोटभरही जागा नव्हती. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा, तशातली मी! पण येणारा-जाणारा थांबून बघू लागला आणि मी मेली फुशारून गेले.

एका दसऱ्याला दौलतशेटने मला झेंडूची माळ घातली, घोड्याच्या कपाळाला हळद लावली. त्याच संध्याकाळी लोकरीच्या गिरणीतला हमाल धोंडीबा तिथून चालला होता. त्याचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. पांढरा घोडा आणि त्यावर पिवळी हळद पाहून तो जागीच थबकला. पायातल्या वहाणा काढून त्याने मला हात जोडले. "येळकोट येळकोट! देवानंच बोलावलं म्हणायचं," तो पुटपुटला आणि त्याने रुपया लावला.

नशीब बघा, पहिल्याच खेपेला तो जिंकला! माझ्यावर त्याचं नाव लागलं. त्याला वाचता येत नव्हतं. दुसऱ्याकडून वाचून घेऊन तो लहान मुलासारखा हसला. त्यानंतर तो दर आठवड्याला येई, आधी मला नमस्कार करी आणि मग हरे. मला ते दिसत होतं. पण मी काय केलं? तशीच चकाकत राहिले.

धोंडीबाच्या बायकोकडे, शेवंतीकडे, एक शिलाई मशीन होतं. चोळ्या शिवून ती मुलीला, शीलाला, शाळेत शिकवत होती. एका सकाळी ते मशीन हातगाडीवरून माझ्यासमोरून गेलं. मागून शेवंती चालत होती. ती रडत नव्हती. तिने वर मान करून माझ्याकडे एकदाच बघितलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, खिळे निखळावेत आणि आपण पालथं पडावं.

शेवंती गप्प बसली नाही. चाळीतल्या बायकांचे अंगठे घेऊन तिने नगरपालिकेत अर्ज दिला. जुगाराची जाहिरात रस्त्यावर नको, असा हुकूम निघाला. तिथले आनंदराव नावाचे अधिकारी आले आणि मजकूर पुसायला सांगून गेले. दौलतशेटने हसत हसत अक्षरं पुसली, खालची नावंही पुसली. घोडा मात्र ठेवला. गिऱ्हाईक एकानेही कमी झालं नाही.

आठ दिवसांनी शेवंती आनंदरावांना पुन्हा घेऊन आली.

"बाई, हुकमात मजकूर म्हटलंय. चित्राला कशी हरकत घेणार?" ते म्हणाले.

"साहेब, आमच्या मालकांना अक्षर ओळखता येत नाही. त्यांनी ही पाटी कधी वाचलीच नाही. नुसती बघितली, अन् माझं मशीन गेलं."

आनंदरावांनी खिशातून हुकमाचा कागद काढला आणि पुन्हा वाचायला घेतला. तेवढ्यात दौलतशेट म्हणाला, "देवाचा घोडा आहे हो! पुसलात तर पाप लागेल."

समोर जमलेल्या माणसांत विश्राम पेंटर उभा होता. तो मान खाली घालून पुढे आला. "पाप लागायचं ते मला लागलंय, साहेब. घोडा कॅलेंडरवरचा घेतला. वरचा देव मीच गाळला."

मागे धोंडीबा होता. त्याचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. "म्हणजे..." त्याने विचारलं, "मी इतके दिवस हात जोडत होतो, तेव्हा घोड्यावर देव नव्हताच?"

विश्रामने त्याच्यापुढे हात जोडले.

आनंदरावांनी तिथल्या तिथे कागदावर 'चित्रेसुद्धा' असा शब्द वाढवला. दौलतशेटने रागाने मला उपटून गटाराकडेला फेकलं. तिथून धोंडीबाने मला उचलून घरी नेलं. खोलीच्या ज्या कोपऱ्यात मशीन होतं, तिथे आता धुण्याच्या पाण्याचं पिंप आहे. शेवंतीने मला त्यावर झाकण म्हणून ठेवलं, घोडा खाली करून. दमट हवेने तो हळूहळू गंजतो आहे. गंजू दे मेला!

मशीन काही परत आलं नाही. शेवंती हाताने टाके घालते. शाळा कायमची सुटलेली शीला माझ्याशेजारी बसून सुईत दोरा ओवून देते.

मित्रांनो, पुढे तुम्हाला माझ्यासारख्या पाट्या दिसतील, माझ्याहून देखण्या. त्यांच्यावरच्या जिंकलेल्यांच्या नावांना भुलू नका. हरलेल्यांची नावं कुठे लिहिलीत, एवढं विचारा. आणि पुसायची वेळ आली, तर अर्धी पुसू नका. माझी अक्षरं पुसून घोडा ठेवला, त्या आठ दिवसांतही धोंडीबा दोनदा आला होता, वहाणा काढून.