वरची वीस खोकी

सौम्यानं कागद परत सरकवले तेव्हा रचनाला वाटलं, कुठंतरी सही राहिली असेल. तिनं पर्समधून पेनही काढलं.

"सही नाही हो मॅडम," बँकेत परदेशी व्यापाराचं टेबल सांभाळणारी सौम्या म्हणाली. "माल जास्त झालाय. लेटर ऑफ क्रेडिटमध्ये गुळाची हजार खोकी आहेत. तुमच्या बिलावर आणि जहाजाच्या पावतीवर एक हजार वीस."

रचनाला हसूच आलं. "अहो, ती वीस भेट म्हणून दिलीत. फुकट. लिहिलंय की बिलावर तसं."

"तेच तर नको होतं," सौम्या म्हणाली.

आता या वीस खोक्यांचं सांगायला हवं. निपाणीजवळ मारुतीरावांचं गुऱ्हाळ आहे. मारुतीराव म्हणजे रचनाचे सासरे. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणतो. या माणसानं उभ्या जन्मात कुणाला नुसतं मापून दिलं नाही. किलोभर गूळ मागा, काटा सरळ झाला की वर एक खडा पडणारच. शंभर ढेपा न्या, वर दोन. नाही दिलं तर त्यांना जेवण जात नाही. यंदा सुनेनं हट्टानं अडत्याला बाजूला सारलं, शारजाचं गिऱ्हाईक शोधलं आणि हंगामाचा सगळा चांगला गूळ एका कंटेनरात भरायला लावला. भरून झाल्यावर आप्पांनी आणखी वीस खोकी आणून ठेवली.

"पयलंच गिऱ्हाईक, ते बी परमुलखातलं," ते म्हणाले. "तसंच कोरडं धाडायचं व्हय? आणि कागदावर लिव्ह गं, न्हायतर मधल्यामधी कोनतरी खाईल."

रचनानं आनंदानं लिहिलं. बाईनं नियम पाठ केले होते बरं का! माल कमी भरला तर काय, जहाज उशिरा सुटलं तर काय, सगळं तोंडपाठ. जास्त दिलं तर काय, हे बघायचं मात्र डोक्यातच आलं नाही. यायचं तरी कसं? त्या घरात जास्त दिलं म्हणून कुणी कुणाला बोल लावलाच नव्हता.

"बँक गूळ बघत नाही मॅडम, कागद बघते," सौम्या सांगत होती. "तिकडच्या बँकेनं त्या लेटरमध्ये शब्द दिलाय. कागद अटीप्रमाणे असले की पैसे देणार, मग गिऱ्हाईक काही का म्हणेना. पण न मागितलेला माल कागदावर दिसला, फुकटचा का असेना, की कागद जुळले नाहीत. त्या शब्दातून बँक मोकळी. मग सगळी गिऱ्हाइकाची मर्जी."

"वीसच तर आहेत. थोडं कमीजास्त चालतं असं वाचलंय मी."

"किलोत लिहिलं असतं तर चाललं असतं. मोजून खोकी लिहिली की ती सूट नाही." सौम्यानं आवाज खाली आणला. "शुक्रवारी मुदत संपते. काहीतरी करा लवकर."

रचना बाहेर आली. गाडीत बसली, उतरली, परत बसली. शेवटी शारजाला फोन लावला. तिथला व्यापारी गोड बोलला, फार गोड. कागद मी चालवून घेतो, म्हणाला, पण भाव उतरलाय, आठ टक्के सोडा. आणि ती वीस खोकी मला नकोत, त्यांची जकात कोण भरणार?

आठ टक्के म्हणजे सगळा नफा. आपणच या घराला या फंदात ओढलं, हा विचार काही केल्या डोक्यातून जाईना. घरी जाताना वाटेतलं काकती गाव कधी मागं पडलं, तिला कळलंसुद्धा नाही. हायवेच्या कडेला गाडी थांबवून तिनं जहाजाच्या एजंटला फोन केला, मग सौम्याला, मग परत एजंटला.

वाट निघाली. जहाजाची जुनी पावती परत करायची आणि दोन नव्या घ्यायच्या, एक हजाराची, एक विसाची. बँकेत हजाराचीच द्यायची. बिल तर घरचंच, नवं करता येईल. फक्त एजंटला मालकाच्या सहीचं पत्र हवं होतं.

आप्पा गुऱ्हाळात, रस आटवायच्या चुलाणापाशी उभे होते. तिनं सगळं सांगितलं.

"जास्त दिलंय की गं," ते म्हणाले. "कमी दिलं आसतं तर गोष्ट येगळी."

"त्यांच्यात दोन्ही सारखंच, आप्पा."

"हे काय लई खरं दिसत न्हाय," असं पुटपुटत त्यांनी चष्मा लावला. पत्र इंग्रजीत होतं. "वाचून दाव."

रचना वाचत गेली. शेवटच्या ओळीपाशी अडखळली. गाळून टाकावी असं मनात आलं, पण सही त्यांची होती. "ही वीस खोकी कुणी सोडवून नेली नाहीत, तर टाकून द्यायला आमची हरकत नाही."

आप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. चुलाणात जाळ घालणारा भरमूही थांबला.

"नको म्हनाला त्यो?"

"नको म्हणाला."

आप्पांनी सही केली आणि उकळत्या रसाच्या कायलीकडं वळले.

पुढचे दिवस रचनानं कसे काढले ते तिलाच ठाऊक. एजंटचा फोन लागेना, लागला तर साहेब जागेवर नाहीत. नवी पावती हातात पडली ती शुक्रवारी दुपारी. बँकेत सौम्यानं कागद लावून बघितले, पुन्हा बघितले आणि शिक्का मारला.

"आता तिकडच्या बँकेचं उत्तर आलं की झालं. तोवर त्या शारजाच्या माणसाला आपणहून काही बोलू नका. त्याला कुरापतच काढायची आहे."

रचनानं पायरीवरूनच घरी फोन लावला. "आप्पा, घेतले बँकेनं कागद."

"बेस झालं, पोरी. सुटलो." मग म्हणाले, "येक काम कर. त्याला फोन लाव. म्हनावं, टाकून द्यायच्या आदी येक तरी खोकं फोड, खडाभर तोंडात टाकून बघ. येवडंच सांग. लावशील न्हवं?"

"व्हय आप्पा, आत्ता लावते."

तिनं फोन बंद करून पर्समध्ये टाकला. या घरात आल्यापासून ती आप्पांशी कधी खोटं बोलली नव्हती.