चिकोरीचं आइस्क्रीम

जावयाने पांढरी पूड पाण्यात घोटून लोण्यासारखी मऊ केली आणि वाटी आइस्क्रीमवाल्या सासऱ्यापुढे सरकवली. सासऱ्याने तीत बोट बुडवलं, चाटलं आणि लगेच नळाखाली धरलं.

हा कॉफीत घालतात त्या चिकोरीच्या मुळातला तंतू, जावई सांगू लागला. साय कमी घातली तरी आइस्क्रीम दाट लागतं, साखर कमी पुरते, शिवाय आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंना खाद्य मिळतं. जिवाणूंना जेवू घालायला आपण दुकान थाटलेलं नाही, असं सासऱ्याने त्याला ऐकवलं. पोरीने हे ध्यान पसंत केलं तेव्हाच त्याने कपाळाला हात लावला होता.

तरी आइस्क्रीमवाल्याने ती पूड घालून मशीन लावलंच. ते बायकोसाठी. इतकी वर्षं प्रत्येक खेपेचा पहिला चमचा तिचा असे. तिने मान हलवल्याशिवाय डबा दुकानात जात नसे. डॉक्टरांनी साय-साखर तोडल्यापासून ती खाली कारखान्यात फिरकली नव्हती. वरच खिडकीशी बसून राही. काहीही विचारा, 'छान आहे' म्हणे. त्या 'छान'ची त्याला धास्ती बसली होती.

पुडीचं डॉक्टरांना विचारून झालं होतं. छोटी वाटी चालेल, जास्त खाल्लं तर पोट फुगेल, म्हणाले. म्हणजे हवा भरायचा धंदा, आइस्क्रीमवाला जिना चढताना पुटपुटला. मागून जावई पुडीची पिशवी छातीशी धरून येत होता.

बायकोने चमचा तोंडात घातला. जावई खुळ्यासारखा हसत उभा होता.

"काय हे?" ती नवऱ्याला म्हणाली. "दूध खाली लागलंय. व्हॅनिला नुसता दाखवलाय. जन्म गेला यात, आणि हे माझ्यापुढे आणता?"

जावयाचं तोंड एवढंसं झालं. पूड परत घेऊन जातो म्हणत तो पिशवीला गाठ मारू लागला.

"ठेवा ती खाली, जावईबापू," आइस्क्रीमवाला म्हणाला.

बायको तोवर चपला घालून जिना उतरू लागली होती. दूध कुठल्या गाढवाने तापवलं, हे तिला आधी बघायचं होतं.

"मीच तापवलं," आइस्क्रीमवाला म्हणाला आणि तिच्या मागोमाग लगबगीने उतरला.