माग थांबवून घेतलेला रक्तदाब

मित्रांनो, कबनूरच्या एका दवाखान्यात काचेच्या कपाटाच्या वरच्या फळीवर राखाडी पत्र्याचा एक लांबट डबा आहे. त्याला दोन-चार पोचे पडलेत आणि एक बिजागरी तारेने बांधलेली आहे. तो डबा म्हणजे मी, रक्तदाब मोजायचं पाऱ्याचं यंत्र. झाकण उघडलंत तर आत काचेची नळी, कापडी पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा दिसेल. देखणा मी कधीच नव्हतो, पण माझ्या पाऱ्याने कुणाची भीड धरली नाही. मालक असो नाहीतर मजूर, जेवढा दाब तेवढाच आकडा मी दाखवला.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनिसाने नळीवरच्या रेषा वाकड्या म्हणून मला एकदा माघारी पाठवलं होतं. तेव्हा मला त्याचा फार राग आला. पुढे कळलं की रेषेएवढी चूकसुद्धा एखाद्या माणसाला महागात पडते, आणि मग मी त्याला माफ करून टाकलं.

१९९३ साली डॉक्टर दीप्तींनी मला विकत घेतलं. त्यांचा दवाखाना नवाकोरा होता. त्यांचे वडील भाऊसो कोल्हापूरहून आले, भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घातला आणि बाही वर करून लेकीसमोर बसले. "बघू, डॉक्टरीण झालीस ती खरी का खोटी," म्हणाले. दीप्तीताईंनी त्यांचा दाब मोजला आणि तिथल्या तिथे त्यांचं लोणचं बंद केलं. भाऊसोंचं तोंड उतरलं, पण मी मनात खूश झालो. मालकीण खमकी मिळाली होती.

कबनूर हे यंत्रमागांचं गाव. इथे भिंतींनाही खटखटाट पाठ आहे. एकेक कामगार चार-चार माग सांभाळतो. मागात इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली सुताची कांडी संपली की ती लगेच बदलायची आणि तार तुटली की लगेच सांधायची. नजर हटली तर कापडात डाग पडतो. त्यामुळे इथल्या कामगारांनी एक युक्ती काढली होती. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीच प्यायचं नाही! पत्र्याखाली घाम निथळतोय, घशाला कोरड पडली आहे, तरी घोटभर चहावर कामाची पाळी काढायची. उभं राहून कंबर भरून आली की टपरीवरची दुखण्याची गोळी त्याच चहाबरोबर गिळायची. यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं. उलट "पाळीभर जागचा हलला न्हाय" ही तिथे शाबासकी होती.

सगळ्यात जास्त शाबासकी आकारामला मिळायची. सयाजीमालकांच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये त्याच्यासारखा कारागीर नव्हता. त्याची बायको बाळाबाई त्याच शेडमध्ये कांड्या भरायची. १९९७ च्या उन्हाळ्यात डोकं दुखतंय म्हणून आकाराम दवाखान्यात आला. ताईंनी माझा पट्टा त्याच्या दंडाला गुंडाळला आणि पारा चढू लागला. इतका वर तो सहसा जात नसे. त्याला थोडा वेळ बसवून ताईंनी पुन्हा मोजलं, तरी आकडा तोच. मग त्यांनी त्याची नडगी बोटाने दाबली. बोट काढलं तरी खळगा तसाच राहिला.

"लघवीला फेस येतो का?" ताईंनी विचारलं.

"येतोय की. पर ते उन्हाचं असंल."

ताईंनी त्याची लघवी नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवली. उकडलेल्या अंड्यासारखी ती पांढरी झाली, म्हणजे अंगातली प्रथिनं लघवीवाटे निघून जात होती. रक्त तपासायला इचलकरंजीला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी आलेला अहवाल ताईंनी दोनदा वाचला.

"दादा," मग त्या म्हणाल्या, "गोळ्यांनी दाब उतरवते मी. पण तुमची मूत्रपिंडं बिघडाय लागल्यात. हे माझ्या एकटीच्या हातातलं न्हाय. कोल्हापुरात राजारामपुरीत किडनीचे डॉक्टर हाईत, अमरसिंह म्हणून. ह्याच आठवड्यात त्यांच्याकडं जायचं."

मित्रांनो, हे ऐकून मला माझ्या मालकिणीचा फार अभिमान वाटला. "हे माझ्या एकटीच्या हातातलं नाही" असं पेशंटच्या तोंडावर सांगायला मोठं काळीज लागतं.

पण आकारामचा चेहरा कडक झाला. "ताई, तेवढं सोडून बोला. आमच्या शेडातला पिराजी त्या डॉक्टरकडं गेला आणि रगत धुवायच्या मशीनवर चढला. महिन्यात आटोपला बघा. तिकडं पाय टाकला की मशीन लावत्यातच."

"पिराजी गेले तवा त्यांना धाप लागली हुती. लघवी बंद झालती. उशिरा गेले म्हणून मशीन लागलं."

"तुम्ही शिकल्याली माणसं. आम्ही डोळ्यानं बघितलंय," म्हणत तो उठलाच. ताईंच्या गोळ्या त्याने काही दिवस घेतल्या. डोकं दुखायचं थांबल्यावर त्या बंद केल्या आणि दवाखान्याची वाटही सोडली.

पावसाळा सरता सरता बाळाबाई एकटीच आली. "ताई, सकाळी चप्पल पायात जाईना त्यांच्या. जेवणाचा वास नको म्हणत्यात. तोंड सुजलंय. आणि कामावर मात्र जात्यात. मी काय करू?" असं म्हणून ती रडायला लागली.

ताईंनी तिला पाणी दिलं, दवाखान्याला कुलूप लावलं आणि मला पिशवीत टाकलं. आम्ही तडक शेड गाठली.

शेडमध्ये तो आवाज! माझी काच थरथरू लागली. ताईंनी आकारामला स्टुलावर बसवलं, पट्टा गुंडाळला, कानाला नळ्या लावल्या. पण खटखटाटात दुसरं काही ऐकू येईना. त्या सयाजीमालकांकडे वळून ओरडल्या, "मालक, माग बंद करा."

"कुठला?"

"सगळं! मला ह्यांच्या रक्ताचा आवाज ऐकायचाय."

सयाजीमालकांना ते आवडलं नाही, हे त्यांच्या मिशांवरूनच दिसलं. भर पाळीत सगळे माग कोण बंद करतं? पण त्यांनी आकारामच्या सुजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्याने मेन स्विच ओढला. माग धडधडत थांबले. शेड इतकी गप्प झाली की बाळाबाईच्या बांगड्या ऐकू आल्या. कामगार एकमेकांकडे बावरून बघत राहिले.

पारा दोनशेच्याही वर गेला. ताईंनी आकडा लपवला नाही. मलाच उचलून आकारामसमोर धरलं. रक्ताचा आवाज जिथे सुरू झाला ती रेष त्यांनी बोटाने दाखवली आणि म्हणाल्या, "वाचा."

त्याने वाचलं.

"दादा, मागावर तार तुटली तर कवा थांबवता?"

"लगीच."

"कापडाचं थान पुरं झाल्यावर का न्हाय?"

"आवो, सगळं कापड वाया जाईल की!" आकाराम एकदम बोलून गेला. मग स्वतःच्या सुजलेल्या पायांकडे बघत तो हळूच म्हणाला, "ताई, भ्या वाटतंय. तुम्ही संगट येणार असला तर जाऊ."

"त्या न्हाई आल्या तर मी वडत न्हेते!" बाळाबाई एवढ्या मोठ्याने म्हणाली की सगळी शेड हसली. मागांच्या आवाजाची सवय, दुसरं काय! माग पुन्हा सुरू व्हायच्या आत ताईंनी बाकीच्यांचेही दाब मोजले. आणखी दोघांचे जास्त निघाले.

दुसऱ्याच दिवशी आम्ही राजारामपुरीत होतो. मी ताईंच्या पिशवीत. डॉक्टर अमरसिंहांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं. जे बिघडलं ते परत येणार नाही. पण जे उरलं आहे ते जपलं तर वर्षानुवर्षं टिकेल. दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडांना घातक, म्हणून त्या कायमच्या बंद, मीठ कमी, पाणी त्यांनी सांगितलेल्या मापाने, आणि बरं वाटलं तरी दाबाची गोळी चुकवायची नाही.

"म्हंजी, मशीन न्हाय?" आकारामने विचारलं.

"आज नाही. पुढे कधी लागलंच तर आधी सांगून, तयारी करून लावू."

आकाराम त्यांच्या दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखा रडला.

शेडमध्येही बदल झाला. सयाजीमालकांनी मोठा माठ आणून ठेवला. कामगारांनी आपसांत ठरवलं, शेजाऱ्याला "माझं बघ" म्हणायचं आणि खुशाल पाणी पिऊन, लघवीला जाऊन यायचं. कापडात डाग काही वाढले नाहीत. आणि आकाराम? त्याने पथ्य असं पाळलं की विचारू नका. दर महिन्याला माझ्यासमोर बाही वर करून बसायचा. माझा पारा त्याच्यासाठी योग्य जागी थांबला की मला बक्षीस मिळाल्यासारखं वाटायचं. अशी दहा वर्षं गेली, मित्रांनो. त्या वर्षांत त्याची मुलगी प्रियदर्शनी शाळेतून कॉलेजात गेली, आणि तेही त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

दरम्यान दवाखान्यात बॅटरीवरचं नवं यंत्र आलं आणि मी फळीवर गेलो. ते पिंपिं करतं आणि बॅटरी उतरली की काहीबाही सांगतं. पण लोकांना पिंपिं आवडतं, त्याला मी काय करणार! धूळ बसते याचं वाईट वाटतं, हे मात्र खरं.

मला एवढंच सांगायचंय. घरात कुणाचे पाय सुजत असतील, लघवीला फेस येत असेल किंवा कुणी रोज दुखण्याची गोळी खात असेल, तर त्याचा हात धरून त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि त्यांनी पुढच्या डॉक्टरांकडे पाठवलं तर त्याच आठवड्यात जा.

गेल्या वर्षी, २००८ साली, आकाराम दवाखान्यात आला होता. बॅटरीच्या यंत्राने भलताच आकडा दाखवला, म्हणून ताईंनी मला खाली काढलं, धूळ फुंकली आणि पट्टा उलगडून त्याच्या डाव्या दंडाकडे हात नेला. त्याने हात मागे घेतला.

"ताई, इसरलात व्हय? ह्यो हात मशीनसाठी राखलाय, पट्टा न्हाय बांधायचा." मनगटाजवळ बारीक व्रण होता. मूत्रपिंडं आता थकली होती. पण अमरसिंहांनी कितीतरी महिने आधीच शस्त्रक्रियेने तिथल्या रक्तवाहिन्या जोडून ठेवल्या होत्या, म्हणून मशीन सुरू करताना धावपळ झाली नव्हती. "बोट लावून बघा, रगत कसं घुमतंय," तो हसत म्हणाला. आठवड्यातून दोनदा सकाळच्या बसने जेवणाचा डबा घेऊन तो मशीनवर जायचा आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कापड तपासायला हजर असायचा.

ताईंनी त्या व्रणावर बोट ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. आकारामने उजवी बाही वर केली आणि हात माझ्यासमोर टेबलावर ठेवला.

"घ्या की मोजून," तो म्हणाला. "बस चुकंल माझी."