दोन बोटांचं माप

पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, कारण थोरली कायम समोर बसलेली असे. दोघी बहिणींचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. एक खिडकी, दोन शिलाई मशिनं आणि भिंतीवर लोकांचे कपडे टांगलेले. जुना कोट पोटावर बसेनासा झाला की माणसं इथे येत आणि कोट आटला म्हणून सांगत. दोघी मान डोलावून शिवण उसवत. गिऱ्हाइकाच्या पोटाबद्दल बोलू नये, एवढा धंदा त्यांना कळत होता.

आता प्रश्न धाकटीच्याच पोटाचा होता. ताईच्या दोन्ही किडन्या दीड वर्षापूर्वी निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा ती डायलिसिसला जाई आणि उरलेल्या दिवशी दुकानात बसे. धाकटीची किडनी तिला जुळत होती, पण एवढ्या वजनाला ऑपरेशन करणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. तीन महिन्यांत नऊ किलो उतरवा, मग बघू. धाकटीने ऐकलं, बरं म्हणाली आणि बाहेर येऊन बस किती वाजता आहे ते विचारलं. रडू आलं नाही, भीतीही वाटली नाही. माणसं गावाला गेल्यावर घर असतं, तशी ती आतून झाली होती.

वजन उतरवायचा ऑनलाइन कोर्स भावजींनी शोधला. ताईचा हा नवरा निवृत्त झाल्यापासून मोबाइलमध्येच नोकरीला लागला होता. पहिला आठवडा मोफत, पुढच्या तीन महिन्यांची फी एकदम. ती भरायची तर नव्या मशिनसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोडावी लागणार होती. पण फुकट ते पौष्टिक, असं म्हणत भावजींनी आधी तिचं नाव तर घालून टाकलं.

रोज सकाळी मोबाइलवर एक हसरी मार्गदर्शक बाई उगवे. पाणी प्या, पाव सोडा, जिने चढा, स्वतःवर प्रेम करा. दुकान तळमजल्यावर, घर दुकानाच्या मागे. जिना कुठला चढणार? धाकटीने तसं लिहून विचारलं. उत्तर आलं, ‘छान! असंच चालू ठेवा.’ उंटावरून शेळ्या हाकायचं काम निदान उंटावर बसून तरी करतात, ही बाई उंटाचा फोटो लावून हाकत होती. भावजी म्हणाले, बाई एक आणि माणसं हजार, तिने कुणाकुणाचे जिने लक्षात ठेवायचे?

सांगितलेलं सगळं धाकटीने केलं असं नाही, आणि केलं नाही असंही नाही. दुपारी चार वाजता हात बिस्किटांच्या डब्याकडे जाई. भूक नसे, चवही लागत नसे. चारला खायची सवय होती, म्हणून खाई.

पहिल्या दिवशी कमरेचं माप कळवायचं होतं. ते तिने स्वतःच घेतलं, ताईने तीस वर्षांपूर्वी शिकवलं होतं तसं, टेपच्या आत दोन बोटं ठेवून. कपड्यात माणसाला बसता यायला हवं, श्वास घेता यायला हवा; ती जागा ही दोन बोटं राखतात. हात आपोआप तसेच चालले. सातव्या दिवशी पुन्हा माप मागितलं तेव्हा धाकटी कापड बेतत होती, म्हणून ताईने उठून तिचं माप घेतलं. तिनेही दोन बोटं ठेवलीच. वजनाचा काटा ढिम्म हलला नव्हता, पण कंबर अर्धा इंच उतरली होती.

माप कळवल्याबरोबर मोबाइलवर रंगीत फुगे उडाले. संध्याकाळी सहाच्या आत फी भरली तर सवलत, असं खाली लिहिलं होतं. भावजी खूश झाले. ताई तर कितीतरी दिवसांनी हसली.

“काट्याला काय कळतंय? टेप खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “भर पैसे.”

धाकटीला आनंद असा झाला नाही. पण ताई हसली होती, तेवढ्यासाठी भरायला हरकत नाही, असं तिने ठरवलं. शिवायला काय, जुनं मशीनही चालेल.

पाच वाजता ताई एका जाड कोटाचं अस्तर हाताने टाचत होती. तिच्या बोटातली पितळी टोपी निसटली आणि मशिनखाली घरंगळत गेली. धाकटीने वाकून ती काढली. आत चिंधी कोंबलेली होती. सुई बोटात घुसू नये म्हणून घालायची ही टोपी दोघींत मिळून एकच होती आणि इतकी वर्षं दोघींना नेमकी बसत होती. धाकटीने चिंधी काढून टोपी आपल्या बोटात घातली. नेहमीसारखी घट्ट बसली.

“ही चिंधी कधीपासून?”

“झाले असतील दोन-तीन महिने. सारखी पडते गं.”

धाकटीने ताईच्या बोटांकडे पाहिलं. रोज समोर असणारी ही बोटं तिने कित्येक महिन्यांत बघितलीच नव्हती. टेपच्या आत पहिल्या दिवशी तिची स्वतःची जाड बोटं होती, सातव्या दिवशी ही वाळलेली.

“मी पैसे भरत नाही, ताई.”

“का गं? अर्धा इंच उतरलाय ना?”

“तो माझा नाही.”

ताई जन्मभर मापं घेत आली होती. तिने टोपीकडे पाहिलं, चिंधीकडे पाहिलं, मग आपला हात उलटासुलटा करून बघितला. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. ती उठली, हात वर कर म्हणाली आणि धाकटीच्या कमरेभोवती टेप नुसतीच आवळली.

“आणि बोटं?”

“बोटं गिऱ्हाइकाला. घरच्या माणसाला कशाला?”

टेप गार लागली. ताईने आकडा शिंप्याच्या खडूने मशिनवरच्या भिंतीवर लिहिला. रोज सकाळी मीच माप घेणार, म्हणाली, आणि फुगे उडणार नाहीत. बिस्किटांचा डबा भावजींनी मोठ्या त्यागाने आपल्या ताब्यात घेतला. सहा कधी वाजून गेले ते कुणी पाहिलं नाही.

ताई पुन्हा अस्तराला बसली. तिने चिंधी घडी करून टोपीत कोंबली, बोट घालून पाहिलं, काढलं, आणि चिंधीला आणखी एक घडी घातली.

ते बघताना धाकटीला पहिल्यांदाच भीती वाटली. वजन उतरवायला आपल्या हातात तीन महिने आहेत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेवढे ताईच्या हातात आहेत का, हे तिने विचारलंच नव्हतं.